आईच्या पेटीतला फ्रॉक: मापाच्या नोंदी

१६ मार्च २०२५, रविवार. भुसावळ

गोधडीसाठी जुनी लुगडी शोधायला आईची पत्र्याची पेटी उघडली, तर तळाशी सुतळीने बांधलेली खाकी कागदांची गुंडाळी निघाली. गुंडाळीत एक पाकीट. पाकिटावर घेरदार फ्रॉक घातलेल्या तीन बायकांचं चित्र: बारीक कंबर, छोटी गोल कॉलर, कोपरापर्यंत बाही. वर 'सिंप्लिसिटी' या अमेरिकेतल्या पॅटर्न कंपनीचं नाव (पॅटर्न म्हणजे कापड कापायचे कागदी नमुने), नंबर १४, आणि त्याखाली छाती ३४, कंबर २६, हिप ३६.

आईने चष्मा न लावताच ओळखलं. "हा मडमचा." लग्न होऊन ती १९६३ साली अमळनेरहून इथे आली. तेव्हा रेल्वे कॉलनीत अँग्लो-इंडियन कुटुंबं बरीच होती, आणि आई त्यांच्याकडचे फ्रॉक, ब्लाउज, मुलांच्या चड्ड्या शिवायची. त्यातल्या एका मडमला हे पाकीट तिच्या बहिणीने परदेशातून पाठवलं होतं. पुढे ते कुटुंब ऑस्ट्रेलियाला गेलं, कागद आईकडेच राहिले. आई आता ८२ वर्षांची आहे, पण त्या फ्रॉकला मागे चेन होती की बटणं, हे तिला अजून आठवतं. चेन होती.

भाची जळगावला विद्यापीठात शिकते, रविवारी गाडीने इकडे येते. तिने चित्र पाहिलं आणि म्हणाली, "मावशी, मला अखाजीला हाच पाहिजे." अखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, ३० एप्रिलला. साडेसहा आठवडे हातात आहेत. गिऱ्हाइकांचं काम आटोपल्यावर रात्री जे होईल ते या वहीत लिहिणार आहे, चुकलेलंसुद्धा. असे जुने कागद आणखी कुणाच्या घरी निघाले तर तिचं कापड तरी वाचेल.

पाकिटातलं सगळं शाबूत नाही. मागचा भाग, स्कर्ट आणि कॉलर यांचे मूळ पातळ कागद आहेत. पुढचा भाग आणि बाही केव्हाच फाटली. त्यांची आईने खाकी कागदावर उतरवून ठेवलेली नक्कल आहे. सूचनांचा कागद अर्धाच उरलाय.

१७ मार्च

आधी तो १४ आकडा समजून घेतला. तो आजच्या रेडिमेड नंबराशी जुळवायचा नाही. अमेरिकेतल्या पॅटर्न कंपन्यांनी हे नंबर वेळोवेळी बदलले. १९५६ च्या सुमारापर्यंत १४ नंबर म्हणजे छाती ३२ होती. मग तोच १४ नंबर ३४ छातीला लागू झाला. १९६७-६८ मध्ये रेडिमेड कपड्यांच्या जवळ जायचं म्हणून पुन्हा बदल झाला, ३४ छाती १२ नंबरात गेली आणि १४ म्हणजे ३६ झालं. आपल्या पाकिटावर १४ आणि ३४ शेजारी शेजारी आहेत, म्हणजे कागद १९५६ ते १९६७ च्या मधला. आईच्या सांगण्याशी हे बरोबर बसतं.

म्हणून जुनं पाकीट हातात आलं की नंबराकडे बघायचंच नाही, खाली इंचात काय छापलंय ते बघायचं. आणि ते इंच अंगाचे असतात, तयार कपड्याचे नव्हे. छाती ३४ लिहिलंय याचा अर्थ ३४ छातीच्या बाईला होईल असा कपडा. कपड्यात त्यावर लूज, म्हणजे हालचालीसाठी थोडं जास्तीचं माप, धरलेली असते.

दुसरी गोष्ट, एका पाकिटात एकच साइझ. हल्लीच्या कागदांवर चार-पाच साइझच्या रेघा एकात एक छापलेल्या असतात, छातीला एक आणि कंबरेला दुसरी रेघ धरून जोडता येते. इथे तशी सोय नाही. एबेनेझर बटरिक यांनी १८६३ साली अमेरिकेत साइझवार कागद विकायला काढले तेव्हापासून कितीतरी वर्षं बायका असाच एका साइझचा कागद घेऊन आपल्या अंगाला जुळवत आल्या. आपणही तेच करायचं.

१९ मार्च

भाचीची मापं रविवारीच घेतली होती, आज नीट उतरवली. वरची छाती, म्हणजे टेप काखेतून नेऊन छातीच्या उभाराच्या वरून घेतलेली, ३२. पूर्ण छाती ३५. कंबर २९. हिप ३८. पाठ, मानेच्या मणक्यापासून कंबरेपर्यंत, १५.

कंबर कुठे धरायची यावर पोरी हमखास चुकतात, कारण आता जीन्स खाली बसते आणि कंबर तिथेच आहे असं वाटतं. मी नाडी बांधते. पोटाभोवती सैलसर नाडी बांधायची आणि मुलीला दोन्ही बाजूंना वाकायला लावायचं. नाडी सरकत सरकत जिथे थांबते ती कंबर. या काळचे फ्रॉक त्याच रेघेवर उभे असतात, ती पाऊण इंच जरी चुकली तर पुढचं सगळं चुकतं.

कागद निवडताना पूर्ण छाती न धरता वरची छाती धरायची. गळा, खांदा आणि मुंढा (बाही जोडायचं भोक) हाडांवर बसतात, ते एकदा चुकले की दुरुस्त करणं फार कठीण. उभारासाठी कापड मागाहून वाढवता येतं. हे कागद वरच्या आणि पूर्ण छातीत साधारण २ इंचांचा फरक धरून काढलेले असतात. ३२ वरची छाती म्हणजे ३४ चा कागद तिला योग्य. फक्त तिचा फरक ३ इंचांचा आहे, तो एक इंच आपल्याला घालावा लागेल.

पाकिटाच्या मागे पाठीची लांबी सव्वासोळा दिली आहे. हिची १५. सव्वा इंच इथेच कमी करावा लागणार.

२३ मार्च, रविवार

मांजरपाटाचं पहिलं ट्रायल केलं, फक्त अंगाचा भाग, बाही न लावता. मन खट्टू झालं.

पुढच्या भागाची खाकी नक्कल मांडली, कडेने खडू फिरवला, नेहमीप्रमाणे बाहेर अर्धा इंच माया (शिवणीसाठी जास्तीचं कापड) सोडली, कापलं, अर्धा इंच आत शिवलं. मागचा भागही तसाच. तीस वर्षं हेच करत आले आहे: आधी ड्राफ्ट, म्हणजे शिवणीच्या रेघेवरची आकृती, मग माया.

भाचीच्या अंगावर चढवलं तर छातीजवळ मूठभर कापड हातात येत होतं. कंबरेची शिवण तिच्या नाडीच्या खाली अडीच इंच. इथपर्यंत वाटलं, कागद मोठा आहे. पण त्याच वेळी गळा मानेला दोन्ही बाजूंनी घासत होता आणि मुंढ्याची कड पुढून दंडात रुतत होती. कागद मोठा असता तर गळाही मोठा आला असता. अंगात ढगळ आणि गळ्यात घट्ट, दोन्ही एकदम कसं होईल? रात्री झोप लागेपर्यंत हेच डोक्यात होतं.

२४ मार्च

उत्तर आईने दिलं. खाटेवर बसून तिने खाकी कागदाच्या कडेवरून बोट फिरवलं आणि म्हणाली, "माया त्यामाच शे, माय." म्हणजे माया कागदातच धरलेली आहे.

मागच्या भागाचा मूळ कागद खिडकीच्या काचेवर लावून पाहिला. त्यावर दोन रेघा छापलेल्या आहेत. बाहेरची अखंड, ती कापायची. आतली तुटक, ती शिवायची. आतली रेघ मी पहिल्या दिवशीच पाहिली होती, पण ती दुमडीची असेल असं धरून सोडून दिली. टेप लावली, दोन्हींमध्ये नेमकं पाच सूत (आठ सुतांचा एक इंच). अर्ध्या सूचनांच्या कागदावरही तेच ५/८ इंच लिहिलेलं सापडलं. खांदा आणि काखेखालची कड आईच्या नक्कलेशी जुळवून पाहिली. नक्कल बाहेरच्या रेघेवरूनच उतरवलेली आहे, आतली रेघ काढलेली नाही. आईला ती पाठ होती, तिला काढायची गरज पडली नसेल.

हिशोब मांडला. काखेखालच्या शिवणींच्या चार कडा आणि मागे चेनच्या दोन कडा, सहा कडा गुणिले पाच सूत, तीस सूत. म्हणजे पावणेचार इंच घेर जास्त. लांबीला खांद्याचे पाच आणि कंबरेचे पाच, सव्वा इंच जास्त. त्यात तिची पाठ सव्वा इंच आखूड, झाले अडीच इंच. आकडे अगदी बरोबर बसले.

आणि गळा का घट्ट? गळा ही आत वळलेली कड आहे. बाजूच्या कडेला माया वाढवली की कपडा मोठा होतो, गळ्याला वाढवली की भोक लहान होतं. मुंढ्याचंही तसंच, खांदा दंडावर उतरतो आणि पुढची कड आत घुसते. 'अंगात सैल, गळ्यात आणि मुंढ्यात घट्ट' असं दिसलं की आधी माया तपासायची. ही खूण मला कुणी शिकवली नव्हती, म्हणून ठळक लिहून ठेवते.

आता कागद मोजला, आतल्या रेघेवर, टक्स (आकारासाठी चिमटून शिवायची घडी) सोडून, टेप काठावर उभी धरून, म्हणजे वळणावर माप चुकत नाही. छाती ३७, कंबर २७. म्हणजे छातीला ३ इंच लूज, कंबरेला १.

३० मार्च, पाडवा

गुढी, पुरणपोळी, पाहुणे. दुपारी सगळे झोपल्यावर पुढच्या भागाची नवी नक्कल काढली, या वेळी दोन्ही रेघांसकट. कंबरेच्या वर चार बोटं आडवी रेघ मारून सव्वा इंचाची घडी घातली, पुढे आणि मागे दोन्हीकडे. घडी मुंढा आणि कंबर यांच्या मध्ये घालायची. खालून कागद कापून लांबी कमी केली तर कंबरेचा निमुळतेपणा जातो आणि टक्स अर्धवट तुटतात.

६ एप्रिल, रविवार

दुसरं ट्रायल. गळा सुरेख बसला. कॉलर लावायच्या आधीच दिसतंय. खांद्याची शिवण खांद्यावर आली, कंबरेची नाडीवर. सगळ्यात आधी लांबी लागली पाहिजे, हे पुन्हा पटलं. लांबी चुकलेली असताना मी रुंदीला हात लावला असता तर नको तिथे कापलं असतं.

उरल्या तीन गोष्टी.

कंबर मागे बंद होत नाही, तीन इंच कमी पडतेय. तिची २९ आणि एक इंच लूज, ३० पाहिजे, कागदाची २७. आई म्हणाली की मडम मापं द्यायची तीच मुळी आतून कडक पट्ट्यांचे कपडे घालून. पोट आवळलेलं, छाती उचललेली. पाकिटावरच्या चित्रातली कंबर त्या कपड्यांची होती. कागद त्या अंगावर काढलाय, मग तो आपल्या पोरीच्या कंबरेला होत नाही यात पोरीच्या कंबरेचा काय दोष? भाची आरशासमोर जरा हिरमुसली होती, तिला हे दोनदा सांगितलं.

छातीच्या टोकाकडून काखेकडे आणि खाली सळ पडतायत. काखेखालचा टक्स तिच्या उभाराच्या पाऊण इंच वर जाऊन संपतोय. कारण तेच, उचललेली छाती.

तिसरं मुंढा. मुंढा आपल्या सवयीपेक्षा बराच वर, काखेला लागून आहे. भाची म्हणाली, "मावशी, इथे थोडा कापून दे ना, घट्ट वाटतोय." आपण सगळ्याच शिवणाऱ्या हे करतो. गिऱ्हाईक घट्ट म्हणालं की मुंढा अर्धा इंच उतरवायचा. माझी कात्री उचललेलीच होती. आई म्हणाली, "एकच बाजू काप."

डावा मुंढा अर्धा इंच खाली उतरवला, उजवा तसाच ठेवला. दोन्हीकडे कच्च्या धावदोऱ्याने बाह्या टाकल्या आणि भाचीला हात वर करायला सांगितले. डावीकडे कंबरेची शिवण जवळजवळ दोन इंच वर ओढली गेली. उजवीकडे जेमतेम दोन सूत. हात खाली आणले तर उजवी बाजू आपोआप जागेवर बसली, डावी तिला ओढून खाली घ्यावी लागली.

काखेजवळ असलेला मुंढा हाताबरोबर फिरतो. खाली उतरवला की हात वर जाताना काखेखालचं कापड ताणलं जातं आणि सगळा कपडा वर निघतो. आतापर्यंत किती ब्लाउजांचे मुंढे मी चांगल्या मनाने उतरवून दिले, आणि त्या बायका दिवसभर ब्लाउज खाली ओढत राहिल्या असतील. हे मला फार लागलं. यापुढे मुंढा घट्ट म्हटलं की आधी खांद्याची रुंदी आणि छातीची लूज बघणार, मग कात्री.

८ एप्रिल

लाइट नव्हती, पायाची मशीन असल्याने बाकीचं काम अडलं नाही. रात्री दिव्यात कागदाचं काम केलं.

आधी काखेखालचा टक्स पाऊण इंच खाली घेतला. टक्सभोवती चौकोन कापून तो अख्खाच्या अख्खा सरकवला, वरची फट कागदाने भरली.

मग छातीचा एक इंच. पुढच्या अर्ध्या भागाला अर्धा, म्हणजे चार सूत. कंबरेच्या टक्सच्या मधून सरळ वर उभाराच्या टोकापर्यंत कापलं, तिथून वळून मुंढ्याच्या खालच्या तिसऱ्या हिश्शापर्यंत, पण मुंढ्याच्या शिवणरेघेपाशी थोडासा कागद जोडलेला ठेवला, तो बिजागरीसारखा काम करतो. काखेखालच्या टक्समधूनही टोकापर्यंत चीर दिली. आता बाहेरची बाजू हळूच सरकवली. टोकाशी चार सूत फट पडली, कंबरेपर्यंत तेवढीच राहिली, काखेकडचा टक्स आपोआप रुंद झाला. मुंढ्याची लांबी एका सुतानेही बदलली नाही, गळा आणि खांदा जागच्या जागी. मधली कड थोडी आखूड पडते, तिथे पट्टी जोडून कंबर सरळ केली. फटीखाली कागद चिकटवला.

यात कंबरेचंही काम थोडं झालं. पडलेली फट कंबरेच्या टक्समध्ये परत न घेता सोडून दिली, त्यामुळे दोन्ही मिळून एक इंच मिळाला. उरलेले दोन इंच काखेखालच्या चार कडांना चार चार सूत, कंबरेशी पूर्ण आणि वर मुंढ्यापाशी शून्य. २७ अधिक १ अधिक २, झाले ३०.

स्कर्टला चुण्या आहेत, त्या जरा कमी ओढल्या की जमेल. हिपचा प्रश्नच नाही.

१३ एप्रिल, रविवार

तिसरं ट्रायल. सळ गेले. कंबर बसली, बसून जेवलं तरी काचत नाही. भाचीला मुद्दाम वरण-बट्टी वाढून पुन्हा घालायला लावलं होतं.

पाठीवर मानेखाली थोडा झोळ राहिला होता. मागच्या गळ्याला दोन्हीकडे दोन सुतांचे बारीक टक्स घेतले, गेला.

१६ एप्रिल

जळगावला फुले मार्केटमधून कापड आणलं. सुती पॉपलिन, हिरवट निळं, बारीक पांढरे ठिपके, ४४ इंच पन्हा (कापडाची रुंदी), ४ मीटर. पाकिटावरचा कापडाचा हिशोब ३५-३६ इंच पन्ह्यापासून सुरू होतो, तेव्हा तसंच कापड मिळायचं. आईचे वडील अमळनेरला प्रताप मिल या कापडगिरणीत होते. आईने कापड बोटांत चुरगाळून पाहिलं, सोडलं, आणि घडी किती राहते ते बघून मान हलवली.

धुऊन गच्चीवर टाकलं. या उन्हात अर्ध्या तासात वाळलं. आटायचं ते आताच आटू दे.

२१ एप्रिल

कापलं. प्रत्येक कागदावरचा उभ्या धाग्याचा बाण किनारीपासून दोन्ही टोकांना सारख्याच अंतरावर आहे ना, हे टेपने बघून मगच टाचण्या लावल्या. खाचा बाहेरच्या बाजूला काढल्या, आत कापल्या तर माया कमी होते. आणि माया नव्याने सोडली नाही. हाताला इतकी सवय आहे की दोनदा खडू बाहेर गेला, दोनदा पुसला.

२६ एप्रिल

अंगाचा भाग, स्कर्ट, चेन झाली. कॉलरच्या गोलाईला आतून बारीक चिरा देऊन उलटवली. बाहीला वरच्या गोलाईत चुण्या न पडता दीड इंच जास्तीचं कापड बसवायचं होतं, दोन धावदोरे टाकून ओढलं आणि वाफेच्या इस्त्रीने दाबलं. पहिली बाही दोनदा उसवली, दुसरी एकदाच बसली.

३० एप्रिल, अखाजी

पहाटे तळाची दुमड हाताने घातली. सकाळी भाचीने फ्रॉक घातला. आईने तिला समोर उभं केलं, पाठीकडे वळवलं, कॉलरवरून बोट फिरवलं आणि खांद्याची शिवण चिमटीत धरून पाहिली. काही बोलली नाही, तिला जवळ घेतलं.

सांजोऱ्या, आमरस झाल्यावर मागच्या निंबाला बांधलेल्या झोक्यावर सगळ्या पोरी चढल्या. भाची उभी राहून, दोन्ही हात वर दोराला धरून झोके घेत होती. मी कंबरेच्या शिवणीकडे बघत होते. जागची हलली नाही.

संध्याकाळी कागद आवरले. नव्या नक्कलेवर लिहिलं: भाची, एप्रिल २०२५, छाती ३५, कंबर २९, पाठ १५, माया पाच सूत आत धरलेली. मग आईची जुनी खाकी नक्कल उघडली आणि तिच्या परवानगीने तीवरही आतली रेघ काढली, कडेपासून पाच सूत, तुटक, पेन्सिलने. दोन्ही गुंडाळ्या एकत्र सुतळीने बांधून पेटीत ठेवल्या.